सुकवणीचा कातळ

आधी त्या कातळावरून खाली उतरा. हो, तुम्हालाच म्हणतोय, कॅमेरेवाले. वहाणा घालून तर नाहीच, अनवाणीसुद्धा त्यावर कुणी उभं राहत नाही. पूर्वी इथं पाटी होती. एकानं कातळावर चढून त्या पाटीला रेलून फोटो काढला, त्या दिवशी मीच ती उपटून टाकली. या, निंबाच्या सावलीत बसा.

मला इथं केरबाअण्णा म्हणतात. निंबरगावात चामड्याचे पट्टे आणि म्यानं करणारी चार घरं उरलीत, त्यातलं एक माझं. आता म्यानं कुणी फारशी मागत नाही. कमरेचे नक्षीचे पट्टे करतो, पिस्तुलाची कव्हरं करतो, कोयत्याची, विळ्याची करतो. तुम्ही आल्यापासून दोन गोष्टी विचारताय. एक, या कातळावर बोटभर खोल अशा दोन लांबट खाचा कसल्या. आणि दुसरी, पट्टा आत्ता सांगितला तर संध्याकाळी मिळेल का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही'. का नाही, ते पहिल्याच्या उत्तरात आहे.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका; माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितली. त्या काळी गावात पाटलांच्या दोन पात्या, म्हणजे घराण्याच्या दोन शाखा होत्या. थोरल्या पातीत राणोजी, धाकट्या पातीत सुभानराव. सख्खे चुलतभाऊ, पण एकाची सावली दुसऱ्याला चालत नव्हती. भांडण एकच, चैत्री पुनवेला करंजाईदेवीची पालखी निघते तेव्हा पहिला खांदा कुणाचा. राणोजी म्हणे, मी थोरल्या पातीचा. सुभानराव म्हणे, वयानं मी मोठा. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. आदल्या वर्षी या वादात तीन माणसं मेली होती. या वर्षी दोन्हीकडून माणसं जमवणं चाललं होतं, आणि काय होणार हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा कळत होतं.

एक रीत मात्र दोघंही पाळत. कुळाची कट्यार कमरेला असल्याशिवाय मानकऱ्यानं देवीपुढं उभं राहायचं नाही. दोन्ही कट्यारी पणजोबांच्या, एका जोडीच्या. त्यांची म्यानं आणि पट्टे जुने होऊन उसवले होते. म्हणून होळी झाली तसे दोघंही आमच्या आळीत आले, लिंबाईकडं.

लिंबाई म्हणजे आमच्याच घराण्यातली, तेव्हाची सगळ्यात चांगली कारागीर. नवरा गेला, त्याची कातडं कापायची रापी नि शिवायची आरी तिनं हातात घेतली. असं सांगतात की तिच्या ठशातलं पान बघून शेळी तोंड लावायला यायची. हे मला खरं वाटत नाही, पण सांगतात तसं सांगतो. तिचा भाऊ राणोजीकडं पाईक होता आणि जावई सुभानरावाकडं. म्हणजे पुनवेला कुणीही जिंकलं तरी रडायचं तिलाच होतं.

राणोजीनं सांगितलं, पट्ट्यावर वाघ काढ. तिनं बाभळीच्या सालीत मुरवलेलं कातडं घेतलं, ओलसर केलं, हाडाच्या टोकानं वाघ आखला. ओलसर म्हणजे किती, तर गालाला लावलं की गार लागावं, पण बोट दाबलं तर पाणी सुटू नये. जास्त ओलं असलं तर ठसा बसतो नि पुन्हा फुगून येतो, सुकं असलं तर बसतच नाही. दिवसभर ती मोगरीनं ठसे ठोकत बसली. दुसऱ्या दिवशी सुभानराव आला. म्हणाला, "त्याचा वाघ बसलेला आहे म्हणे. माझा उभा पाहिजे." उभा काढला. तिसऱ्या दिवशी राणोजी आला. "माझ्याला तोंड उघडं कर." आता, एकदा ठसा बसला की कातडं परत कोरं होत नसतं. बंद तोंड उघडायचं म्हणजे नवा पट्टा. तिनं नवा पट्टा घेतला. मग सुभानरावाला दोन वाघ हवे झाले. मग राणोजीला वाघाखाली हरीण हवं झालं.

आठ दिवसांनी लिंबाई म्हणाली, "सरकार, कंबर तुमची एवढीच आहे. सगळं रान त्याच्यावर मावणार नाही."

पट्टे एकदाचे झाले. मग म्यानं. आणि खरा वैताग इथून सुरू झाला.

म्यान नुसतं शिवून होत नाही, बाबांनो. शिवलेलं कातडं ओलवायचं, हत्याराला तेलकट फडकं गुंडाळून ते आत घालायचं, आणि हाडाच्या कडेनं दाबत दाबत कातड्याला हत्याराचं अंग द्यायचं. मग सावलीत ठेवायचं. तीन दिवस. हत्यार आतच. मधे काढलं तर कातडं आकसतं, उन्हात ठेवलं तर तडकतं. हे माझ्या आज्याला ठाऊक होतं, लिंबाईला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घाई असणाऱ्यांना, आणि अजूनही नाही.

राणोजी एका दिवसात आला नि म्हणाला, सुभान्याचा भरवसा नाही, मी बिनहत्यारी झोपत नाही. कट्यार उपसून घेऊन गेला. दोन दिवसांनी म्यान आकसलं, कट्यार आत जाईना. "बाई, तुझं माप चुकलं!" म्हणून वरून ओरडला. सुभानरावानं तिची पाठ वळताच आपलं म्यान उचलून उन्हात नेऊन ठेवलं, लवकर वाळावं म्हणून. ते भेगाळलं. "तुझं कातडं जुनं!" म्हणाला. दोघांची दोन्ही तिनं पुन्हा केली. दोघांनी दोन्ही पुन्हा बिघडवली.

पुनवेला सहा दिवस उरले तेव्हा तिनं तिसऱ्यांदा म्यानं शिवली. दोघांना एका वेळी बोलावून घेतलं. दोन्ही कट्यारी त्यांच्यादेखत आत घातल्या, कातडं त्यांच्या अंगासरशी दाबलं, आणि दोन्ही या निंबाखालच्या कातळावर शेजारीशेजारी ठेवल्या.

"आता ऐका," ती म्हणाली. "ही वाळेपर्यंत हत्यारं माझ्याजवळ. वाळली की दोघांना एका घटकेला देईन, एकाला आधी नाही, एकाला मागून नाही. आणि करंजाईची आण, ही वाळल्याबिगर मी हितनं उठणार नाही, अन् तोंडात घास घेणार नाही."

राणोजी म्हणाला, "तीनच दिवसांचा प्रश्न आहे, बस."

ती कातळाशेजारी बसली. दोन्ही पात्यांनी आपापली माणसं पहाऱ्याला ठेवली, दुसऱ्यानं हात मारू नये म्हणून. तिचा भाऊ एका अंगाला, जावई दुसऱ्या अंगाला.

चैत्राचं ऊन तुम्ही पाहताच आहात. सकाळी वाळत घातलेलं धोतर भाकरी थापेपर्यंत खडखडीत होतं. तीन दिवस झाले. म्यानं ओलीच. चौथ्या दिवशी राणोजीनं स्वतः बोट लावून पाहिलं. गार, ओलं, जणू आत्ताच पाण्यातून काढलंय. त्यानं लिंबाईवर आळ घेतला, ही चोरून पाणी घालते. पहारेकरीच म्हणाले, नाही धनी, आमच्या डोळ्यांदेखत बाई हललीसुद्धा नाही. खरं तर म्यानांतून पाणी निथळत होतं, खालचा कातळ भिजत होता. त्या खाचा त्याच ओलीनं पडल्या, असं म्हणतात. सहा दिवसांत दगड झिजतो का, असं मागं एक मास्तर मला विचारून गेले. मी म्हटलं, नसेल झिजत. पण खाचा आहेत ना?

दोघंही रोज यायचे, सकाळी आणि दिवस कलताना. एक म्हणायचा, "त्याचं वाळलं का?" दुसरा म्हणायचा, "त्याचं माझ्या आधी वाळलं नाही ना?" लिंबाई पाण्याच्या दोन घोटांवर होती. पाचव्या दिवशी तिचे ओठ फुटले. जावई बोलायला लागला, तर तिनं हातानंच गप्प केलं.

पुनव उजाडली. देवळात पालखी सजली. पण कट्यारी नाहीत, तर मानकरी नाहीत. मानकरी नाहीत, तर पालखीला हात लावणार कोण? दोन्हीकडची शंभर-शंभर माणसं काठ्या-तलवारी घेऊन उन्हात उभी. पुढारी पुढं असल्याशिवाय भांडायचं तरी कसं? पुजारी घामानं भिजला. सूर्य डोक्यावर आला नि कलायला लागला.

शेवटी दोघं चुलतभाऊ तरातरा या कातळाशी आले. राणोजी ओरडला, "बाई, देवी खोळंबली! अजून किती?"

लिंबाईनं मान वर केली. तिचा आवाज बसला होता, त्यामुळं दोघांना वाकावं लागलं. इथं मात्र तिचे शब्द जसेच्या तसे आले आहेत, असं आमच्याकडं सांगतात.

"सहा दिवस झाले," ती म्हणाली. "दोन वक्ताचे बारा वक्त तुम्ही आलात. बारा वक्त विचारलंत, त्याचं वाळलं का. एकानं तरी विचारलंत का रं, बाई, तू खाल्लंस का?"

तिचा भाऊ तोंड फिरवून रडत होता. जावयानं हातातली काठी खाली ठेवली, तेवढाच आवाज झाला.

असं सांगतात की सुभानराव आधी खाली बसला. पाटील माणूस, आमच्या आळीच्या धुळीत मांडी घालून बसला. त्यानं तिला म्हटलं, "आई, चुकलो. आता काय करू ते सांग."

"भाकरी माझ्या गळ्याखाली उतरायची तर देवी हितं आली पाहिजे," ती म्हणाली. "आण माझी, सोडवायची तिनं. मी तर उठू शकत नाही."

आता ही गोष्ट साधी नव्हती. करंजाईची पालखी आमच्या आळीत कधीच येत नव्हती. वेशीच्या पलीकडून वळायची. आमच्या हातची वादी, आमच्या हातचा पट्टा तिला चालायचा. आमची वाट चालायची नाही. पुजारी नको म्हणाला. राणोजीनं त्याच्याकडं पाहिलं नि म्हणाला, "मग तू उचल नि ने कुठं न्यायची ती." आणि दोघं देवळाकडं चालू लागले, मोकळ्या कमरेनं.

पालखी दोन दांड्यांची होती. पुढून एका दांडीखाली राणोजी घुसला, शेजारच्या दुसरीखाली सुभानराव. पहिला खांदा कुणाचा हे विचारायला त्या वेळी कुणाला सुचलंच नाही, असं म्हणतात. मला वाटतं सुचलं असेल, पण विचारायची लाज वाटली असेल. दोन्हीकडच्या लोकांनी हातातलं खाली टाकलं आणि मागून खांदे दिले. पालखी वेस ओलांडून आळीत शिरली आणि या निंबाखाली टेकली.

सुभानरावाच्या घरून भाकरी आली, राणोजीच्या घरून आमटी. लिंबाईनं पहिला घास घेतला. आणि तिच्या भावानं कातळावर हात ठेवला, तर म्यानं सुकलेली. टणक, वाजवली तर वाजतील अशी. तिनं दोन्ही कट्यारी काढून पाहिल्या. गंजाचा ठिपका नव्हता. एका घटकेला दोघांच्या हातांत दिल्या, ठरल्याप्रमाणं.

राणोजीनं आपली कमरेला लावली, मग काढली, आणि देवीपुढं ठेवून दिली. सुभानरावानंही तेच केलं. लिंबाई घास चावता चावता म्हणाली म्हणे, "मग एवढं करून घेतलंत कशाला?" पुढं ती पंचवीस वर्षं जगली आणि रोज कुणावर तरी चिडलेली असायची. आमच्या घराण्याचा स्वभाव तिथूनच आला, असं माझी बायको म्हणते.

ही झाली गोष्ट. आजही निंबरगावात ओलं काम या कातळाच्या कडेला सावलीत तीन दिवस राहतं, मालक कितीही मोठा असो. पिस्तूल तर तीन दिवस ठेवून घेता येत नाही, कायदा आहे. म्हणून त्याच्या मापाचा लाकडी ठोकळा कोरून आत घालतो. हत्यार लाकडी असलं तरी तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

आणि आजही चैत्री पुनवेला दोन्ही पात्यांची माणसं कमरेला पट्टासुद्धा न लावता दोन्ही दांड्यांना पुढून खांदा देतात, आणि पालखी पहिल्यांदा इथं टेकते. आमच्या आळीतल्या सगळ्यात वयस्कर बाईचं ताट देवीपुढं मांडतात. ती जेवून हात धुवेपर्यंत पालखी हलत नाही. गेल्या वर्षी माझी चुलती बसली होती. तोंडात एकही दात नाही, भाकरी आमटीत कुस्करून सावकाश खात होती. ऊन हे असं. दोन्ही मानकरी घामानं निथळत उभे, वाजंत्री थांबलेली, सगळं गाव गप्प. अर्धा तास झाला.

मग तिनं वाटी पुढं केली आणि आणखी आमटी मागितली. धाकट्या पातीचा मानकरी स्वतः वाढायला वाकला.