अकरा पिल्लं आणि सुपाची घार

नदीकाठच्या एका गावात एक नवी सून नांदायला आली. हाताची चपळ, जिभेची त्याहून चपळ, आणि स्वतःवर भरवसा तर इतका, की शेजारच्या आजी म्हणायच्या, "हिला विहिरीत ढकललं, तर ही घागर भरूनच वर येईल."

सासूच्या परसात पाच-सहा कोंबड्या आणि एक म्हातारा कोंबडा होता. कोंबड्यांतली भुरी एकवीस दिवस अंड्यांवर बसली आणि अकरा पिल्लं निघाली. नेमका त्याच दिवशी निरोप आला, की सासूबाईंच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलंय. सासूबाईंनी गाठोडं बांधलं आणि निघता निघता उंबऱ्यात थांबल्या.

"सूनबाई, पिल्लं तुझ्या हवाली. कणी घाल, उथळ ताटलीत पाणी ठेव, रात्री खुराड्याच्या दाराला दगड लाव. बाकीचं भुरीचं काम भुरीला करू दे."

"तुम्ही बिनघोर जा, आत्याबाई. आल्यावर अकराच्या अकरा दाखवते."

सासूबाई गेल्या. भुरी पिल्लांना घेऊन निघाली ती थेट उकिरड्यावर. तिथे ती पायांनी माती उकरू लागली, तसं मागचं एक पिल्लू कोलांटी खाऊन पडलं. वर आभाळात घार घिरट्या घालत होती.

"ही कसली आई!" असं म्हणत सुनेने पिल्लं पदरात भरली आणि बांबूच्या मोठ्या डालग्याखाली झाकून ठेवली. वर दगड ठेवला. भुरी मात्र बाहेरच राहिली. दिवसभर ती डालग्याभोवती फेऱ्या मारायची. संध्याकाळी खुराड्यात सून पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवायची आणि सकाळ झाली की पुन्हा डालग्यात.

शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, "अगं बये, पिल्लं आत नि आई बाहेर?"

"आजी, आत कणी हाय, पाणी हाय, घारीची चोच शिरत नाही. आणखी काय पायजे?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं व्हय?"

सुनेने ते हसण्यावारी नेलं. पिल्लं गुबगुबीत होत होती. पांढऱ्या ठिपक्याचं एक तर तिच्या तळहातावर चढून कणी टिपायचं.

पंधरा दिवसांनी पिल्लं डालग्यात मावेनात. सुनेने मोठ्या ऐटीत डालगं उचललं आणि अकराही परसभर पांगली. इतक्यात जमिनीवरून एक सावली सरकली. भुरीने मान तिरकी करून वर पाहिलं आणि लांबलचक, कर्कश ओरडली. म्हातारा कोंबडासुद्धा कुंपणात पळाला. अकरा पिल्लं मात्र होती तिथेच उभी राहिली. ठिपक्याच्या पिल्लाने तर मान वर करून पाहिलं. घार झेपावली आणि ते घेऊन गेली.

सून मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. सासूला काय सांगू, ही भीती होतीच, पण तळहात रिकामा झाला होता, ते जास्त लागलं. रडता रडता तिच्या ध्यानात आलं, की भुरीने वेळेवर सांगितलं होतं. पिल्लांना तिची हाकच कळली नव्हती. ती शिकायच्या दिवसांत आपणच त्यांना आईपासून तोडलं होतं.

उरलेली दहा झाकावीत म्हणून तिचा हात डालग्याकडे गेला. तिने ते उचललं, क्षणभर धरून ठेवलं आणि घरात नेऊन ठेवलं. येताना तिच्या हातात सूप होतं.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लं भुरीच्या मागे मोकळी फिरू लागली आणि सून सूप डोक्यावर धरून परसातून धावू लागली. सुपाची सावली जमिनीवरून सरकली की भुरी ओरडायची आणि सुनेच्या पायाला टोचायची. पहिल्या दिवशी पिल्लं नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी एक पंखाखाली शिरलं, त्याचं बघून दुसरं. सुनेच्या घोट्यांची चाळण झाली.

"सुनेच्या अंगात घार आली गं!" पाणवठ्यावर बाया हसायच्या.

"आली तर आली," सून म्हणायची, "माझी पिल्लं जगली म्हंजे झालं."

महिन्याने सासूबाई परतल्या. फाटकाशी पोचतात तोच खरीखुरी घार खाली आली. सून चुलीपाशी होती, हात पिठात. भुरीची एकच हाक आली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परस मोकळं झालं. कुणी पंखाखाली, कुणी कुंपणात. घार रिकामी चोच घेऊन परत गेली.

सासूबाईंनी सगळं पाहिलं. मग त्यांनी पिल्लं मोजली.

"दहा?"

"दहाच, आत्याबाई. एक घारीनं नेलं." तिने मान वर केली. "घारीनं नेलं खरं, पण तिच्या तोंडी मीच दिलं. तुमचं ऐकलं नाही, झाकून ठेवली."

सासूबाईंनी तिच्या टोचलेल्या पायांकडे पाहिलं आणि तिला जवळ ओढलं. "माझ्या पहिल्या वर्साला चार गेली होती. मी आठ दिवस घारीलाच शिव्या घालत बसले. तू माझ्याहून शहाणी." मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "अन् ते डालगं कुठं गेलं?"

"त्यात कांदे भरलेत."

तात्पर्य: लेकरांना झाकून किती दिवस ठेवाल? संकटाची चाहूल ओळखायला शिकवा. पंख त्यांचे ते पसरतील.