साळूबाईंची प्रार्थना

“पण गुरुजी, भर उपासनेत शेळीसाठी प्रार्थना करायची?”

गावच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पाळकपण करून पाटोळे गुरुजी निवृत्त झाले होते. दारापुढच्या बाजेवर बसून शेंगा सोलत होते.

त्यांच्या जागी आलेला नवा पाळक अमोस दुशिंग समोर उभा होता. परीक्षेत पहिला आलेला, वाणी स्वच्छ. प्रार्थना करायला लागला की माणसं ऐकत राहत.

“साळूबाई उठल्या आणि सुरू झाल्या. शेळीचा पाय, शेजारणीचा खोकला, पुन्हा शेळीचा पाय… मी मध्येच थांबवलं. म्हटलं, बाई, हे देवाचं मंदिर आहे, गुरांचा दवाखाना नाही.”

“मग?”

“लोक हसले.”

“आणि साळूबाई?”

“बसल्या खाली.” अमोसचा आवाज उतरला. “तीन रविवार झाले, आल्या नाहीत.”

“शेळीचा पाय कसा आहे?”

“…माहीत नाही.”

गुरुजींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि चालू लागले. अमोस मुकाट्याने मागे निघाला.

साळूबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. दोघांना पाहताच त्या धावपळ करत आत गेल्या. घरातली एकुलती खुर्ची बाहेर आणली, पदराने पुसली.

“बसा, पाळकसायेब.”

अमोस बसणार, एवढ्यात गुरुजी काठीला धरून, गुडघे कुरकुरत असतानाही, हळूहळू खाली मातीत बसले.

अमोस खुर्चीजवळ उभाच राहिला. मग तोही खाली बसला.

खुंट्याला बांधलेली काळी शेळी एक पाय उचलून उभी होती.

“मावशी,” अमोसने विचारलं, “पाय कसा आहे हिचा?”

साळूबाईंनी आधी गुरुजींकडे पाहिलं. “सूज हाय अजून.”

“प्रार्थना चालू आहे ना?”

“न्हाई, सायेब. घरीबी सोडली… देवाला लई कामं असत्यात. उगा त्याचा येळ कशाला घ्यायचा?”

माणसं हसली तेव्हा आपणही गालातल्या गालात हसलो होतो, हे अमोसने गुरुजींना सांगितलं नव्हतं.

“माझं चुकलं, मावशी. चारचौघांत तुमचा अपमान केला. रविवारी चारचौघांतच माफी मागेन. आज इथं मागतो.”

“असं नका म्हनू, सायेब…”

“नाही, ऐका. मी चुकलो.”

साळूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. शेळीकडे बोट करून म्हणाल्या, “मग तुमीच करा तिच्यासाठी.”

अमोस शेळीपाशी गुडघे टेकून बसला. डोळे मिटले. तोंड उघडलं. शब्द येईनात. एवढे पाठ केलेले सुंदर शब्द, त्यातला एकही शेळीच्या पायाला लागू पडेना.

तेवढ्यात डोक्यावर एक खरबरीत हात आला.

“देवबाप्पा,” साळूबाई म्हणाल्या, “शेळीचा पाय बरा कर. आन ह्या अमोस लेकराला बळ दे. घरापासनं लांब हाय, जेवतंय का न्हाई त्येबी बघ. शेजारनीचा खोकला ऱ्हायलाच हाय. आमेन.”

अमोसच्या तोंडून आमेन निघालं ते हुंदक्यासारखं. तीन आठवडे छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं.

साळूबाईंनी त्याला भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. रविवारी येते म्हणाल्या.

परतताना अमोसची पावलं हलकी पडत होती.

“गुरुजी, माझंसुद्धा नाव घेतलं त्यांनी.”

“कितवं?”

“शेळीनंतर लगेच.”

गुरुजी चालता चालता थांबले. त्याच्याकडे जरा हेव्यानेच पाहत म्हणाले, “तिथवर पोचायला मला अकरा वर्षं लागली.”