राणीचं झिजलेलं नाव

एक होता राजा. नाव प्रतापसेन. राज्य चालवायचा, पण स्वतःचं काही सापडायचं नाही त्याला. उठला की सुरू. "बकुळे, जोडे कुठायत? बकुळे, पाणी! बकुळे, माशी बसली नाकावर!" बकुळा म्हणजे त्याची राणी, बरं का. राजाचं बघून सासू हाका मारायची, पोरं मारायची, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. तुम्ही म्हणून बघा एकदा. बकुळेबकुळेबकुळेबकुळे... बघा, कसं कुळेब-कुळेब व्हायला लागलं? पिठलं रटरटतंय जसं! आता कळतं का, की त्यात एक बाई आहे?

तेच झालं. झिजलं की हो नाव! एके दिवशी राणीच्या अंगावरून सुटलं, फुर्रकन उडालं आणि परसातल्या शेवग्यावर जाऊन बसलं.

मग कुणालाच ते आठवेना. तोंड उघडलं की कुळेब-कुळेब. राजा म्हणाला, "गेलं तर गेलं. 'अगं ए' म्हणू." मेल्याला काही वाटलं नाही!

मग काय झालं, राणीचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. आई आजारी होती, लेकीच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. पण राजाचा नियम असा, की कुणीही असो, नाव सांगितल्याशिवाय देवडीतून आत सोडायचं नाही; नुसतं नातं सांगून चालायचं नाही. पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" भावानं तोंड उघडलं, आणि कुळेब! "असं इथं कुणी नाही." झालं, गाडी परत. राणीला कळलं तोवर बैलांची घुंगरंही ऐकू येईनाशी झाली होती.

मग मात्र राणी पेटली. तरातरा गच्चीवर गेली. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. म्हणून राजाचं नाव कसं, पेटीतल्या शालूसारखं कोरं करकरीत! आणि हिच्या नावाचं पोतेरं. "थांबा, दाखवते," म्हणाली, आणि भर उन्हात सुरू झाली. "प्रतापसेन, प्रतापसेन, प्रतापसेनप्रतापसेन..." सासूबाईंनी कानांत बोटं घातली. राणी थांबली नाही. ऊन कलेपर्यंत त्याचं सेनप्रता-सेनप्रता झालं, आणि तेही उडालं.

राजा शिकारीहून आला, तर पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. "नाव?"

"अरे, मी... मी..."

"मी-मी तर शेळीपण करते. व्हा बाजूला!"

राजा परसदारानं शिरला. "अगं ए, माझं नाव दे!"

"आधी माझं आणा."

मग राजा शेवग्याखाली ओरडला. नाव वरच्या फांदीवर गेलं. मग त्यानं फर्मान काढलं. नाव पार शेंड्याला. मग तो मुकाट खाली बसला. आणि त्याला लग्न आठवलं. राणीनं त्याच्या नावाचा उखाणा घेतला, तेव्हा एका नावासाठी सगळा मांडव गप्प झाला होता!

"मी घेतो उखाणा," राजा म्हणाला. "पण... तुला आवडतं काय गं?" हे त्यानं आजवर विचारलंच नव्हतं.

राणी तोंड फिरवून म्हणाली, "पहिली भाकरी. गरम. कधी मिळाली नाही."

मग राजानं सगळ्यांना गप्प केलं. पोपटालासुद्धा.

"चुलीवरची पहिली भाकर, वर लोण्याचा गोळा,
आधी जेवेल, मग उठेल, माझी राणी..."

आणि थांबला. नावाची जागा मोकळी ठेवून. मग ते शेंड्यावरून हळूहळू उतरलं आणि त्याच्या जिभेवर बसलं.

"...बकुळा."

राणीनं वळून बघितलं. मग राजानं पुढं केलेली पहिली भाकरी खाल्ली, सावकाश. राजा म्हणाला, "आता माझं घे ना."

"घेईन, माहेराहून आल्यावर."

गेली! आई हिंडूफिरू लागेपर्यंत राहिली. तोवर राजाला सगळे 'अहो, ते' म्हणत होते. म्हणू देत! मग ती आली, एकच उखाणा घेतला, आणि राजाला नाव मिळालं. पुढं दोघं सुखात राहिली.

मिटा आता डोळे, पोरांनो. संध्याकाळपासून "आई, आई" चाललंय तुमचं, भिंतीपलीकडे ऐकू येतं मला. तांब्या उशाशी आहे. तहान लागली तर उठा, ओता, प्या. हाक मारायची नाही.