इनासची पापडी

"...मग आणखी काय द्यायचं राहिलंय माझं, फादर?"

बस्त्याव तुस्कानोने हे विचारलं तेव्हा त्याच्या आवाजात प्रश्न कमी आणि तक्रार जास्त होती. रोज मिस्सा, रोज रोझरी, शुक्रवारचा उपवास वर्षभर. चर्चच्या धर्मग्रामात कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी बस्त्याव हजर. पवित्र व्हायचं त्याने मनावर घेतलं होतं, आणि त्याने मनावर घेतलेलं काम अर्धवट राहिलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

फादर जोकीम निवृत्त होऊन चर्चमागच्या खोलीत राहत. त्यांना ऐकू कमी यायचं, पण हवं ते नेमकं यायचं.

"कुणाबद्दल बोलतोयस?"

"इनासबद्दल. माझ्या केळीच्या वाडीत कामाला येतो ना, तो. वादळात त्याचं छप्पर उडालं, कौलं मी घालून दिली. बायको आजारी पडली, महिनाभर डबा आमच्या घरून गेला. आता मला बघितलं की वाट बदलतो. वाडीवर येणं सोडलं. रविवारी मिस्सेलाही येत नाही, फादर. मी तिथे असतो म्हणून माणूस चर्चला यायचा थांबला..."

बस्त्याव ताठ होता, पण मनाचा वाईट नव्हता. इनासवर त्याचा जीव होता.

बस्त्यावला हातातल्या पुडीची आठवण झाली. केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी. राजेळी केळी सोलून आठ दिवस उन्हात वाळवलेली, रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने आत घेतलेली.

"हे तुमच्यासाठी."

फादरांनी पुडीकडे पाहिलंही नाही.

"नको रे. घरी ने, मुलं खातील."

"तुमच्यासाठीच केलीत, फादर."

"मला काय कमी आहे? ने घरी."

बस्त्याव हात पुढे करून तसाच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. पुडी मागे घ्यावी की टेबलावर टाकून निघून जावं, त्याला कळेना.

"अपमान करताय तुम्ही माझा," शेवटी तो म्हणाला.

"इनासने तुला कधी काही आणलं होतं?"

"मला? त्याच्याकडे काय असणार आणायला..." तो थांबला. "नाताळात पापडीच्या शेंगा आणल्या होत्या. टोपलीभर. परसात लावल्या होत्या त्याने."

"मग?"

बस्त्यावने पुढे केलेला हात खाली घेतला.

"मग काय म्हणालास, बस्त्याव?"

"म्हटलं, नको रे. घरी ने, मुलं खातील."

बस्त्याव खुर्चीत बसला.

"मी चांगल्या मनाने म्हटलं होतं."

"ठाऊक आहे रे मला."

"बाकीचे गडी बघत होते, फादर. सगळ्यांच्या देखत तो भरलेली टोपली उचलून परत गेला."

फादरांनी हात पुढे केला. पुडी घेतली, उघडली आणि एक सुकेळं तोंडात टाकलं. डोळे मिटून सावकाश चघळलं. मग दुसरं घेतलं. त्यांच्या वयाला आणि दातांना हे जरा जास्तच होतं.

"तुझी आई अशीच करायची," ते म्हणाले.

बस्त्यावने बाहीने डोळे पुसले. मग तो एकदम उठला. काम सापडलं की त्याला बसवत नसे.

"उद्याच जातो इनासकडे. माफी मागतो. पोतंभर तांदूळ नेतो सोबत. नाहीतर मुलांना कपडे... काय नेऊ, फादर?"

"काही नेऊ नकोस. जेवायच्या वेळेला जा."