आबांची अर्धी भीती

डोंगराच्या कुशीत कळकांचं, म्हणजे बांबूंचं एक हिरवंगार बेट होतं आणि बेटाच्या कडेला एक चिमुकली झोपडी. तिथं सोनकी आपल्या आजोबांबरोबर, आबांबरोबर राहायची. आईबाप तिला आठवतही नव्हते. आबाच तिची आई, आबाच बाप. कळकाच्या नाजूक नाजूक सुपल्या विणून ते तिला सांभाळायचे.

पण आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. कुणी म्हणालं, पिकू दे, मग बघू. कुणी म्हणालं, कापाकापीत उरलीसुरली नजरही जाते. आबा घाबरले आणि थांबले. थांबता थांबता डावा डोळा लालभडक झाला, डोकं फुटायची वेळ आली. चार दिवसांनी ठणका ओसरला, तेव्हा त्या डोळ्यात काळोखाशिवाय काही उरलं नव्हतं. आता उजवाही पांढुरका होत चालला होता. सुपल्या सोनकी विणायची, भाकरी सोनकी थापायची. दवाखान्यात चला म्हटलं की आबा भिंतीकडे तोंड करून बसायचे.

एका दुपारी कळक तोडायला गेलेली सोनकी बेटात बसून रडली. तेवढ्यात पानांआडून एक सोनेरी कवडसा खाली उतरला आणि बघता बघता त्याची परी झाली. इवलीशी, पोपटी झग्यातली. तिच्या पंखांवर गुलाबी, मोरपंखी, चंदेरी ठिपके लुकलुकत होते.

परी म्हणाली, "तीन इच्छा माग, बाळ. पण नेम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही. जे होऊन गेलं ते फिरत नाही. माणसाच्या हातून होण्यासारखं काम मी करत नाही. आणि नेमाबाहेरचं मागितलंस, तर ती इच्छा वाया जाईल."

नेम कळूनही सोनकीनं आबांचा डावा डोळाच परत मागितला. परीनं हलकेच नकाराची मान हलवली. एक इच्छा गेली.

मग सोनकीनं विचार करून मागितलं, "आबांना समजावता यावं म्हणून, त्यांना कसं दिसतं ते मला दाखव."

क्षणात हिरवं बेट मळकट पिवळं झालं. ऊन डोळ्यांत काट्यासारखं घुसलं. समोरची परी म्हणजे नुसता धुरकट डाग. सोनकी हात पसरून चाचपडली आणि तिला हुंदका फुटला. परीनं तिचे डोळे पुसले, तेव्हा रंग परत आले. मग ती सांगू लागली. डोळ्यात दवबिंदूसारखं एक इवलंसं भिंग असतं, वय झालं की ते गढुळतं. दवाखान्यात डोळा बधिर करतात, गढूळ भिंग काढतात आणि स्वच्छ भिंग बसवतात. आबा जागेच असतील. त्यांना उजेड हलताना दिसेल, थोडा दाब जाणवेल. घरी आल्यावर औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत, डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.

"नीट होईल ना सगळं?" सोनकीनं विचारलं.

"बहुतेकांचं होतं. पण शब्द मी देऊ शकत नाही."

सोनकीनं झोपडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आबांची भीती घेऊन टाक."

"भीती टाकून देता येत नाही, बाळ. कुणाला तरी ती वाहावी लागते. अर्धी तू घेशील?"

"घेईन."

त्याच क्षणी तिच्या पोटात बर्फासारखा गोळा आला. झोपडीत येऊन तिनं आबांना सगळं समजावलं. आबांनी दोनदा विचारलं, दुखेल का. मग काठी घेऊन उठले.

दवाखान्यात आबांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर सोनकी दात वाजवत बसली. अर्धाच तास झाला होता, पण तिला तो सरता सरेना. आबा पट्टी बांधून बाहेर आले, तरी पोटातला गोळा विरघळला नाही. अख्खी रात्र तो तसाच राहिला.

सकाळी डॉक्टरीणबाई पट्टी सोडू लागल्या. तेवढ्यात खिडकीतल्या उन्हात ते पंख लुकलुकले. "स्वतःसाठी तू काहीच मागितलं नाहीस," परी कुजबुजली, "म्हणून हे न मागता." तिनं सोनकीच्या पोटावर बोट टेकवलं. गोळा विरघळून गेला आणि परीही उन्हात मिसळली, उजेडात उजेड होऊन.

पट्टी सुटली. आबांनी डोळा किलकिला केला. समोर हडकुळी, उंच झालेली एक मुलगी उभी होती. त्यांनी तिला ओळखलंच नाही.

"आबा," ती म्हणाली.

आवाज ऐकून आबांनी तिचा हात धरला. "एवढी वाळलीस गं? आणि मला पत्ताच नाही."

डावा डोळा काळोखातच राहिला, कायमचा. पण उरलेल्या एका डोळ्यानं आबांनी आपल्या नातीला डोळे भरून पाहिलं.