रिकाम्या पाटापुढचं पाणी

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या गावाच्या खाडीकडेला नुसती मिठागरं होती, तेव्हाची गोष्ट. ऐका, आणि मध्येमध्ये बोलू नका.

मिठागरातलं काम म्हणजे दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. पायांना भेगा पडायच्या, भेगांत मीठ शिरायचं, आणि चांगली धट्टीकट्टी माणसं घरी जाताना रडायची. तिथं बांधावर एक बाई बसायची, कतरीनबाय. विधवा, मागेपुढे कोणी नाही. गोडं पाणी होतं पार टेकडीपलीकडच्या विहिरीला. तिथून ती डोक्यावर घागरी आणायची, चुलीवर कोमट करायची, आणि कामावरून सुटलेल्या एकेकाला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायची, वर खोबरेल चोळायची. पदर असा पुढे ओढलेला, की तोंड दिसायचं नाही. तिच्या हाताखालून गेलेली भेग सकाळपर्यंत मिटायची, असं म्हणतात.

कोणी हात जोडले की बाई चिडायची. "येशूने शिष्यांचे पाय धुतले. मी काय नवीन करते? ऊठ, मागचा खोळंबलाय!"

त्यांतलाच एक पास्कू. त्याचे पाय इतके सडले होते की वैद्याने कापायलाच सांगितलं होतं. कतरीनबायने ते बरे केले. तेव्हापासून त्याच्या मनाने एकच घेतलं. एकदा, फक्त एकदाच तिला पाटावर बसवायचं आणि तिचे पाय धुवायचे. कारण तिच्या टाचा त्याने पाहिल्या होत्या. अख्ख्या गावात तेवढ्या फाटलेल्या टाचा कोणाच्या नव्हत्या.

"बस की गं माय, घटकाभर," तो रोज म्हणायचा.

"बसेन रे. आधी ह्या सगळ्यांचं होऊ दे."

आता सगळ्यांचं कधी व्हायचं होतं?

शेवटी पास्कूने घोळ घातला. प्रेमापोटी घातला, पण घातलाच. तो फादरांकडे गेला. पवित्र गुरुवारी देवळात बारा पुरुषांचे पाय धुतात ना, त्यांत यंदा कतरीनबायला बसवा म्हणाला. त्या काळी बाईला वेदीपुढे कोण बसवणार! पण सगळं गाव हटून बसलं, तेव्हा फादर राजी झाले. मग काय विचारता! लाल कापडाची खुर्ची आली, हार आला, वाजंत्री आली.

देऊळ भरलं, आणि खुर्ची रिकामीच. पास्कू धावत बांधावर गेला. पाट होता, भरलेली घागर होती, पाणी अजून कोमट होतं. ती नव्हती. ओल्या पावलांची रांग तेवढी मिठागरात गेली होती, आणि एवढ्या उन्हातही ती वाळली नव्हती, असं म्हणतात.

जिथं पावलं संपली तिथं पास्कू गुडघ्यांवर बसला. "माये, तुला हार नको होता गं. मला मेल्याला कळलंच नाही!" असं म्हणून तो ओक्साबोक्शी रडला. मग त्याने ती घागर आणली आणि ते शेवटचं पाऊलच ओंजळी-ओंजळीने धुतलं. टाचेच्या भेगासुद्धा उमटल्या होत्या त्यात. धुता धुता त्या पावलातून पाणी वर आलं. चाखलं तर गोडं! चहूकडे मीठ आणि मधोमध गोडं पाणी, असं म्हणतात.

म्हणतात कशाला, झरा आहेच की. येताना प्यालात ना?

तिथं कोणी तिच्या नावाची पाटी लावली होती. खाऱ्या वाऱ्याने अक्षरं खाल्ली. पुन्हा लावली, पुन्हा खाल्ली. मग नाद सोडला लोकांनी.

पास्कू मात्र मरेपर्यंत दर पवित्र गुरुवारी झऱ्याशी पाट मांडून तिची वाट बघायचा. आजही त्या दिवशी देवळात जायच्या आधी आपण सगळे तिथं जातो, पदर नाहीतर पंचा तोंडावर ओढून एकमेकांचे पाय धुतो. कोणाचे कोणी धुतले ते विचारायचं नाही. मग गावातलं सर्वांत म्हातारं माणूस कोमट पाण्याची घागर घेऊन रिकाम्या पाटापुढे गुडघे टेकतं.

"सगळ्यांचं झालं गं माय," ते म्हणतं. "आता बस घटकाभर."

आणि पाणी गार होईपर्यंत आपण तिथंच थांबतो.