कुत्र्याच्या कानातलं बी

पडलात का सगळे? मनू, पाय पांघरुणात घे. आणि हुंकार देत राहा, नाहीतर गोष्टच वाटेत झोपून जायची.

खूप लांब, पूर्वेकडे, जिथे सूर्य आपल्याआधी उगवतो, तिथे उंच हिरवे डोंगर आहेत. खाली सियांग नदी वाहते. तिथे आदी नावाचे लोक राहतात. त्यांच्या एका गावात होती ओयिन. तिच्या नवऱ्याला नदीने नेलं होतं. घरात म्हातारी सासू, यामिक नावाची लहानशी लेक आणि एक काळा कुत्रा. कुत्र्याचा एक कान उभा, एक कान पडका.

तेव्हा माणसांना भात ठाऊकच नव्हता, बरं का. लोक रानातले कंद खात. झाडाचा गाभा कुटून त्याच्या पिठाच्या भाकऱ्या खात. मोठ्यांचं निभायचं, पण यामिकला ते पचेना. खाल्लं की पोट धरून बसायची. पोर वाळत चालली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

सासू म्हणाली, "अगं, हिला काहीतरी मऊ घाल."

"मऊ कुठून आणू, आई? ढग शिजवू?"

"शिजत असतील तर तेही शिजव. पण पोरगी जगव."

एके दिवशी कुत्रा दिवसभर दिसला नाही. संध्याकाळी आला तो पोट टम्म, तोंडाला पांढरं पांढरं लागलेलं. ओयिन म्हणाली, "घरात सगळे अर्धपोटी, आणि तू कुणाकडे जेवून आलास रे?" कुत्र्याने शेपूट हलवली. तो काय सांगणार?

मग दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग गेली. कुत्रा बांबूच्या बेटामागे गेला आणि एका बिळात शिरला. ओयिनही शिरली. सरपटत, सरपटत खाली गेली. तर खाली काय, लख्ख उजेड! चूल पेटलेली. चुलीपाशी एक म्हातारी भात कांडत बसलेली. ती होती किने-नाने. सगळ्या धान्याची आई. मातीखाली तिचं घर.

किने-नाने म्हणाली, "आलीस? तुझा कुत्रा रोज येतो. जेवतो, शेपूट हलवतो, जातो. माणूस मात्र आजच पाहते आहे."

तिने ओयिनपुढे मऊ, वाफाळता भात ठेवला. ओयिनने हात लावला नाही. पानात बांधायला लागली.

"खात का नाहीस?"

"घरी लेक आहे, आई."

किने-नानेने ते पान नीट बांधून दिलं. मग म्हणाली, "शिजलेलं आज पुरेल, उद्या काय करशील? बी घेऊन जा."

ओयिनने मूठभर बी घेतलं आणि वर चढायला लागली. पण चढण उभी. मुळांना धरायला हात हवेत. मूठ उघडली आणि दाणे अंधारात सांडले. मग ती परत आली. किने-नानेने टोपलीत बी दिलं. बिळाच्या तोंडाशी उंदीर टपलेले. त्यांनी टोपली कुरतडून सगळं फस्त केलं. ओयिन तिसऱ्यांदा खाली आली. कुरतडलेली टोपली तिने पुढे ठेवली.

किने-नाने हसली. तिने कुत्र्याला जवळ बोलावलं, त्याचा पडका कान उचलला, आत चार दाणे ठेवले आणि कान पुन्हा पाडून दिला. म्हणाली, "आता कुणाला दिसतंय? पण ऐक. पीक उभं राहील, लोंब्या येतील. दाण्यात दूध भरायच्या आधी मला हाक मार. शेतात येऊन मार हं. मी मातीखाली असते, गावातलं मला ऐकू येत नाही. मला घासभर वाढ. आणि माझ्या या पाहुण्याला विसरू नको."

ओयिनने हात जोडले. आपण व्रत घेतो ना, तसं मनाशी धरलं.

कानातले दाणे सुखरूप वर आले, ओयिनने ते पेरले. पहिल्या वर्षी ओंजळभर भात झाला, दुसऱ्या वर्षी टोपलीभर. दोन्ही वर्षं ओयिन कुत्र्याला घेऊन शेतात गेली, हाक मारली, पानावर घास ठेवला. यामिकला थोडी थोडी पेज मिळाली. बाकीचं बियाण्याला ठेवलं. तिसऱ्या वर्षी तिने गावातल्या प्रत्येक घराला बी वाटलं. पदरी दाणा उरला नाही. यामिकला म्हणाली, "या वर्षी ताट भरून वाढीन." डोंगराचा उतार हिरवागार झाला, लोंब्या डोकावायला लागल्या.

गाव खूश. गावचे म्हातारे प्रमुख तापुम म्हणाले, "सण करू या!" सणाला नाव ठेवलं सोलुंग. मिथुन कापला. मिथुन म्हणजे तिकडचं गव्यासारखं धिप्पाड जनावर. देवाचं गाणं झालं. पोरी हातात हात गुंफून फेर धरून नाचल्या.

ओयिन म्हणाली, "तापुमबाबा, शेतात जाऊन हाक मारायला हवी. माझ्या कुत्र्याने..."

"कुत्र्याने!" तापुम हसले. "आज कुत्र्याच्या कानातून भात आणलास, उद्या मांजराच्या शेपटीतून भोपळा आणशील! एवढा मोठा सण केलाय, देवीला कळत नाही होय?"

सगळे हसले. ओयिन ओशाळली. चुलीपाशी ढीगभर काम पडलं होतं. उद्या जाईन म्हणाली, मग परवा म्हणाली, आणि राहूनच गेलं. कुत्रा जेवणाच्या पंगतीत आला, तर कुणीतरी त्याला काठी मारली. तो निघून गेला.

सण सरला. लोंब्या मात्र ताठ उभ्या. भरलेली लोंबी वाकते, बरं का. ओयिनने दाणा नखाने दाबला. आत काही नाही. नुसतं फोल. साऱ्या उतारावर तेच. आणि घरात बियाणंही नाही. यामिक विचारायची, "आई, ताट कधी?"

ओयिन शेताच्या कडेने चालत गेली. तर तिथे कुत्रा! माती उकरून, खड्ड्याला कान लावून पडलेला. उपाशी. तेव्हा ओयिनला राहून गेलेली हाक आठवली.

ती धावत घरी आली. घरात आपोंग होता. आपोंग म्हणजे त्यांचं आंबवलेलं पेय, ते देवाला लागतंच. आल्याचा तुकडा होता. सासूने कोंबडीखालचं अंडं काढून दिलं. म्हणाली, "ने. ओरडू दे कोंबडीला. पोरीसाठी मीही ओरडलेच असते."

ओयिनने शेतात पान मांडलं. हाक मारली, "किने-नाने!" काही नाही. पुन्हा मोठ्याने मारली. काही नाही. मग ती खाली बसली. पानावरचा पहिला घास तिने कुत्र्यापुढे ठेवला. म्हणाली, "पाहुण्या, तुला काठी बसली आणि मी बघत राहिले. माझं चुकलं. आईला तूच सांग."

कुत्र्याने घास खाल्ला. खड्ड्यात तोंड घालून बारीक कुंईकुंई केलं. ओयिनने तिसऱ्यांदा हाक मारली, अगदी हळू, "आई, जेवायला ये."

पायाखालची माती कोमट झाली. वारा नव्हता, तरी एक लोंबी वाकली. शेजारची वाकली. मग सगळं शेतच वाकलं. ओयिनने दाणा दाबला. नखावर पांढरं दूध! तिने ते बोट तसंच घरी नेऊन यामिकच्या जिभेला लावलं.

"गोड आहे," यामिक म्हणाली.

मग काय, गावातल्या साऱ्या बायका पान आणि आपोंग घेऊन आपापल्या शेतात गेल्या. एकेक उतार वाकत गेला. शेवटी तापुमबाबा आले, हातात मांसाचा मोठा तुकडा घेऊन. कुत्र्यापुढे उकिडवे बसले. म्हणाले, "घ्या पाहुणे, रागावू नका. आणि हे बघा, भोपळ्याचंही काही जमलं तर बघा."

तेव्हापासून त्या गावात सोलुंगला गावात जेवण होतं, नाच होतो, आणि एक दिवस खास शेताचा असतो. त्या दिवशी बायका किने-नानेला हाक मारतात. आणि कापणी झाली की नव्या भाताचा पहिला घास कुत्र्याचा.

त्या वर्षी यामिक ताट भरून जेवली, कापणी संपली तरी रोज जेवली. बांगड्या कोपरावरून खाली आल्या आणि मनगटाशी थांबल्या. रोज जेवण झालं की ती कुत्र्याच्या पडक्या कानावर डोकं ठेवून झोपायची. ओयिनचं घर सुखी झालं, गाव सुखी झालं. किने-नानेनेही आपली चूल विझवली आहे आता.

मीही दिवा मालवते. मिटा डोळे.